केसपिसांचे पचन

पवारांची जुनी संस्थाने म्हणून धार व देवास मराठी वाचकांस परिचित आहेत. धार जिल्ह्यातील भिल्ल वस्त्यांत काळी कडकनाथ कोंबडी पाळतात. देवासला चामडे कमावण्याचा उद्योग विसाव्या शतकात रुजला. कोंबडीची पिसे आणि कातड्यावरचे केस ही मूलतः एकाच जातीच्या द्रव्याची घडण होय. त्यास केराटिन म्हणतात.

पिसाचा सुमारे ९० टक्के भाग केराटिनच असतो. ते प्रथिनच, परंतु त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी असे जखडलेले असतात, की आपल्या जठरातील पेप्सिनही त्यापुढे हतबल ठरते. मग उकिरड्यावर पिसांचे डोंगर का साचत नाहीत? त्याच घाणीतील काही सूक्ष्म जीव केराटिनेज नावाचे विकर स्रवतात. गंधकाचे बंध सुटू लागताच हे विकर प्रथिनाची साखळी तोडते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या संशोधकांनी कोंबड्यांची विष्ठा कुजविणाऱ्या टाकीतून असा एक जिवाणू वेगळा केल्याचे १९९० साली प्रसिद्ध केले.

कातड्यावरील केस काढण्यास चुना व सोडियम सल्फाइड वापरण्याची रीत आहे. त्याच्या सांडपाण्यात आम्ल मिसळल्यास निघणारा वायू कामगाराचा प्राणही घेतो. विकराने केस सुटल्यास ही रसायने पुष्कळ कमी लागतात. मात्र त्या विकराने कातड्यातील कोलॅजेनला धक्का लावता कामा नये. नाहीतर चामडेच वाया जाईल.

विद्यार्थ्यांस आम्ही सुचवितो, की एक पीस ओल्या मातीत पुरावे व दर आठवड्यास पाहून टिपण ठेवावे.