पडवीत आलेला कुत्रा कोणाचा?
(इयत्ता तिसरी व चौथी : परिसर अभ्यास)

डहाणू व तलासरी या तालुक्यांतील बहुतेक गावे एका जागी वसलेली नाहीत. गाव म्हणजे पाच, आठ, क्वचित बारा-पंधरा पाडे. एक टेकडीच्या कुशीस, दुसरा ओढ्यापलीकडे, तिसरा महामार्गाच्या कडेस. या पाड्यांपैकी अनेकांची रोज गाठ पडते ती शाळेत. म्हणून शाळेच्या पडवीत एखादा अनोळखी कुत्रा येऊन बसला, तर तो कोठला हे शोधण्यास शाळेसारखे दुसरे ठिकाण नाही. ग्रामपंचायतीस ज्याचा पत्ता लावण्यास दोन दिवस लागतील, ते प्रार्थनेस उभे असलेले एखादे मूल एका क्षणात सांगू शकते. मात्र त्यास कोणी विचारले पाहिजे.

पहिली अडचण शब्दाची आहे. गळ्यात पट्टा नाही, साखळी नाही, तेव्हा कुत्रा भटका, असे शहरातील मनुष्य समजतो. पाड्यावर कुत्र्यास बांधून ठेवण्याची रीत नाही. तो सकाळी गुराख्याबरोबर रानात जातो, भात तयार झाले की रात्री शेतावर डुकरांच्या राखणीस जातो, आणि थंडीत चुलीजवळ येऊन निजतो. कधी कधी एकाच कुत्र्यास तीन घरची भाकरी मिळते व तिन्ही घरे त्यास आपला म्हणतात. सारांश, मोकळी मान हा बेवारसपणाचा पुरावा होऊ शकत नाही. कुत्र्याचा एक कान टोकाशी थोडा कापलेला असेल, तर त्याची नसबंदी व लसीकरण झाले असावे, एवढे मात्र त्यावरून समजते. ती खूण तशा शस्त्रक्रियेच्या वेळी करतात.

पाठास आरंभ करण्यापूर्वी एक काम आहे व ते पाठाहून महत्त्वाचे आहे. आलेल्या कुत्र्यास कोणाही मुलाने हात लावू नये, दगड मारू नये, खाणे देण्यासाठी जवळ जाऊ नये. लहान पिलासही हाच नियम लागू आहे, आणि तो मुले सर्वांत आधी मोडतात. शिक्षकाने दुरूनच कुत्र्याचे निरीक्षण करावे. तोंडातून सारखी लाळ गळणे, खालचा जबडा लोंबणे, आवाज घोगरा होणे, चालताना मागील पाय लटपटणे, लाकूड-माती काहीही चावणे, ही चिन्हे दिसल्यास मुलांस वर्गात घेऊन दार लावावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास आणि ग्रामपंचायतीस तत्काळ कळवावे. पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितो, ही समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. पाण्याची भीती हे रोग झालेल्या माणसाचे लक्षण होय, कुत्रा पाणी पितो एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही.

या रोगाविषयी, म्हणजे रेबीजविषयी, शिक्षकाने स्वतः निःशंक असले पाहिजे. रोगी प्राण्याच्या लाळेतील विषाणू चाव्यातून, ओरखड्यातून किंवा उघड्या जखमेवर चाटल्यानेही शरीरात शिरतो. लक्षणे दिसू लागली की मनुष्य जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यापूर्वी उपचार पूर्ण झाले तर जवळजवळ नेहमीच वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांत मुलांचा वाटा मोठा आहे. ६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांच्या लसीने पहिल्यांदा वाचला तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचाच होता. चौथीच्या वर्गास ही हकिकत अवश्य सांगावी. आपल्या वयाचा मुलगा म्हटल्यावर मुले कान देऊन ऐकतात.

चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तीवर चुना, मिरची, हळद वा पाला लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये. मुलास लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे सोय नसल्यास डहाणू, कासा किंवा तलासरी येथील शासकीय रुग्णालय गाठावे. जखम खोल असल्यास लसीबरोबर जखमेतच आणखी एक औषध टोचावे लागते, ते डॉक्टर ठरवितात. लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या तारखांस पूर्ण झाल्या पाहिजेत. दुसऱ्या मात्रेनंतर मूल बरे दिसते म्हणून पालक थांबतात, तेथे शिक्षकाचा शब्द उपयोगी पडतो. वडीलधाऱ्यांच्या मनात अद्याप पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती असते. ती जुनी लस आपल्या देशात बंद होऊन वीस वर्षे झाली. आता लस दंडात देतात. सर्वांत मोठा धोका मार बसेल या भीतीने चावा लपविणाऱ्या मुलाचा आहे. त्या मुलास शाळेत तरी सांगण्याची हिंमत झाली पाहिजे, आणि ती हिंमत घटनेच्या दिवशी निर्माण करता येत नाही. शिक्षकाने ती आधीच निर्माण केलेली असावी लागते.

कुत्रा शांत व निरोगी दिसला, म्हणजे शोधास लागावे. कुत्रा घर सोडतो त्यास काही कारण असते व ऋतूवरून ते बरेचसे ओळखता येते. दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांच्या आवाजाने बुजून तो चार-पाच पाडे ओलांडून पळतो. चैत्रात विवळवेढे येथे महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा घरच्या माणसांमागे चालत जाऊन गर्दीत चुकतो. महामार्गावरून जाताना कोणी गाडीतून उतरवून टाकलेलाही असतो. परंतु या दोन तालुक्यांत जे कारण शिक्षकास सर्वांत जवळचे आहे, ते स्थलांतराचे. भाताची कापणी व दिवाळी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर, भिवंडी-वसईकडे अथवा गुजरातेत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. टेंपोत भांडी, कोंबड्या, चटया, मुले यांना जागा होते; कुत्र्यास होतेच असे नाही. तो चार दिवस बंद दारापाशी बसतो. पुढे भुकेने निघतो, आणि जेथे त्या घरचे मूल रोज जात असे त्या वाटेने शाळेत येऊन पोहोचतो. अशा वेळी कुत्र्याचे घर शोधता शोधता हजेरीपत्रकातील एक गैरहजर नाव हाती लागते. ते मूल कोठे गेले, त्यास शिक्षण हमी कार्ड मिळाले काय, गावात त्याची आजी किंवा चुलता मागे राहिला आहे काय, त्याच्याकडे त्यास ठेवता आले असते काय, हे प्रश्न कुत्र्याच्या निमित्ताने पुढे येतात. शिक्षकाने ते कुत्र्याबरोबर सोडून देऊ नयेत.

प्रत्यक्ष पाठ असा घ्यावा. फळ्यावर गावाचा मोठा नकाशा मुलांकडूनच काढून घ्यावा : शाळा, ओढा, हातपंप, विहीर, रस्ता व प्रत्येक पाडा. पाड्यांची नावे मुलांनीच सांगावीत. एकाच पाड्यास दोन नावे निघाली तर दोन्ही लिहावीत. नंतर प्रत्येकाने आपल्या घरचा कुत्रा दिवसातून कोठे कोठे जातो ते नकाशावर दाखवावे. घरी कुत्र्यास काय म्हणतात, त्यास बोलाविताना कोणता आवाज काढतात, हे वारली, कोकणा, धोडी ज्या बोलीत मूल सांगेल त्या बोलीत सांगू द्यावे. या पाठात प्रमाणभाषेचा आग्रह धरल्यास निम्मी माहिती मुलांच्या तोंडातच राहील. तेवढ्यात पुष्कळदा कोणी तरी म्हणतेच की असा कुत्रा ओढ्यापलीकडे पाहिला आहे.

परिसरातील जिवंत गोष्टीवरून शिकविण्याची ही रीत याच मातीत रुजलेली आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांची कुरणशाळा होती. मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणात न्यावी, हा तिचा विचार. गुराख्याबरोबर कुत्राही असतोच. कुरणात त्यास कोणी परका मानत नाही.

नकाशाने उलगडा न झाल्यास वर्गाने सूचना तयार करावी. ती अक्षरांपेक्षा चित्रात असलेली बरी, कारण ज्या घरी ती पोहोचायची आहे तेथे वाचणारे कोणी असेलच असे नाही. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी चित्र काढणे येथील मुलांस शिकवावे लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. कुत्र्याचा रंग, शेपटी, कानांची ठेवण चित्रात यावी; परंतु एक खूण, उदाहरणार्थ पोटावरील ठिपका किंवा पायाचा जुना व्रण, मुद्दाम वगळावी. मागणी सांगत येणाऱ्यास ती खूण विचारता येते. सूचना रास्त भावाच्या दुकानावर, अंगणवाडीत व आठवडे बाजारच्या दिवशी बाजारात लावावी.

चुकलेला कुत्रा आपल्या पायांनीही घर गाठतो, याचे एक उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तालुक्यात यमगर्णी हे गाव आहे. तेथील महाराज नावाचा काळा कुत्रा २०२४ च्या जूनअखेर आपल्या धन्यामागोमाग आषाढीच्या वारीस सुमारे २५० किलोमीटर चालत पंढरपुरास गेला. तेथे दर्शनाच्या गर्दीत तो दिसेनासा झाला. धन्याने शोध केला, तेव्हा तो दुसऱ्या दिंडीबरोबर गेल्याचे लोकांनी सांगितले. धनी जुलैच्या मध्यास घरी परतला, आणि दुसऱ्या दिवशी महाराज दारात उभा. गावाने त्यास हार घातला व गावजेवण केले. कुत्रे मार्ग कसे शोधतात याविषयी २०२० साली झेक संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात मार्गनोंद करणारी यंत्रे बांधून पाहिले. काही कुत्रे आल्या वासावरून मागे फिरत. काही मात्र नवीन वाट धरीत, आणि त्यापूर्वी बहुधा उत्तर-दक्षिण रेषेत वीसएक मीटर धावून घेत. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांस काही बोध होत असावा, असे त्या संशोधकांचे मत पडले. तथापि या गोष्टीवरून वर्गाने हातावर हात ठेवून बसू नये. निपाणीच्या वाटेवर त्यास वारकऱ्यांची माया होती. आपल्या महामार्गावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात.

मुलांनी उचलून आणलेला प्रत्येक जीव मात्र घरचा नसतो, हेही याच पाठात सांगावे. घरट्यातून पडलेले घुबडाचे पिलू किंवा रानमांजराचे पिलू पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तेथे वनविभागास कळवावयाचे. किनाऱ्यावरील मुलांस याचे उदाहरण ठाऊक असते. डहाणूच्या किनाऱ्यास पावसाळ्यात जखमी समुद्री कासवे लागतात. वनविभाग व वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही स्थानिक संस्था यांच्या केंद्रात त्यांवर उपचार होतात व बरी झालेली कासवे पुन्हा समुद्रात सोडतात.

कुत्र्याचा धनी मिळालाच नाही, तर काय करावे? त्यास शाळेतच राहू द्यावे, खिचडीतील उरलेला घास घालावा, असे मुलांस वाटते, व ते स्वाभाविक आहे. तसे करता येत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी केलेला कुत्रा मूळ जागी परत सोडतात. परंतु ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांबाबत वेगळा आदेश दिला. आवारास कुंपण करावे, तेथील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात न्यावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असे त्यात म्हटले आहे. या विषयावर वरिष्ठ कार्यालयाकडून आलेली ताजी सूचना शिक्षकाने पाहावी. पडवीतील कुत्रा कोणाचा आहे हे वेळीच न विचारल्यास काय घडेल, हे यावरून लक्षात येईल. ज्यास पाड्यावर तीन घरे आहेत, असा कुत्रा केवळ कोणी विचारले नाही म्हणून बेवारस ठरून दूर नेला जाईल.

म्हणून पाच-सहा दिवस शोध करूनही धनी न मिळाल्यास एखाद्या घराने त्यास रीतसर ठेवून घ्यावे, असा प्रयत्न ग्रामपंचायतीमार्फत करावा. शाळेने तो मुलाच्या हाती परस्पर देऊ नये. घरच्या मोठ्या माणसाचा होकार घ्यावा. ठेवून घेणाऱ्याने पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्यावी व ती दरवर्षी द्यावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पाळलेला प्राणी अन्नपाण्यावाचून वाऱ्यावर सोडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही त्या घरास सांगून ठेवावे. भट्टीवर जाणारे घर असेल, तर मागे कुत्र्यास भाकरी कोण घालील, हे कुत्रा देतानाच ठरवून घ्यावे.

धनी आला, तर त्यास राखून ठेवलेली खूण विचारावी, आणि कुत्रा त्याच्याकडे कसा जातो ते मुलांस दुरून पाहू द्यावे. सोपविल्याची तारीख, पाडा व कुत्र्याचे नाव वर्गाच्या परिसर-वहीत मुलांच्या हस्ताक्षरात लिहून ठेवावे. त्याच पानावर, कुत्रा ज्या घरचा निघाला त्या घरातील शाळेत येण्याजोग्या वयाच्या मुलांची नावे लिहावीत व ती हजेरीपत्रकाशी ताडून पाहावीत.