पुठ्ठा कीं प्लॅस्टिक ?
(घरांतील चित्रतबकड्यांच्या वेष्टनाविषयीं)

दिवाळीच्या साफसफाईंत तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं कपाटाच्या वरच्या कप्प्यांतून चकचकीत तबकड्यांचा एक गठ्ठा निघाला असेल. त्यांत कांहीं चित्रपटांच्या, कांहीं मावशीच्या किंवा काकांच्या लग्नाच्या, आणि एखादी शाळेच्या स्नेहसंमेलनाचीहि असेल. कांहींचें वेष्टन पुठ्ठ्याचें, कांहींचें प्लॅस्टिकचें, तर कांहीं बिचाऱ्या उघड्याच. आतां चित्रपट मोबाइलवर पाहतां येतात. तेव्हां हा गठ्ठा भंगारवाल्यास द्यावा कीं ठेवावा, आणि ठेवावयाचा तर कशांत ठेवावा, असा प्रश्न घरांत निघतोच. त्यांपैकीं दुसऱ्या प्रश्नाचा विचार आज आपण करूं. पहिल्याचें उत्तर त्यांतूनच निघेल.

अशा तबकड्या हौसेनें जमविणारे लोक जगभर आहेत, आणि वेष्टनावरून त्यांच्यांत दोन पक्ष पडलेले आहेत. पुठ्ठ्याच्या पक्षास ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डींचीं जुनीं वेष्टनें आठवतात. पुठ्ठ्यावर चित्र ठसठशीत उमटतें, तो पुस्तकाप्रमाणें उघडतां येतो, हातास बरा लागतो आणि जागा थोडी व्यापतो. हा शेवटचा मुद्दा हिशेबानें पाहा. डी. व्ही. डी.ची नेहमींची प्लॅस्टिकची डबी सुमारें १४ मिलिमीटर जाड असते. म्हणजे ४५ सेंटिमीटर लांबीच्या फळीवर ३२ डब्या बसतात. पुठ्ठ्याचें पाकीट ३ मिलिमीटर जाड धरलें, तर त्याच फळीवर १५० मावतात. जपानांत जुन्या रेकॉर्डींच्या वेष्टनांच्या लहान प्रतिकृति पुठ्ठ्यांत करून त्यांत सी. डी. घालून विकतात, व संग्राहक त्या मुद्दाम शोधून घेतात. अमेरिकेंत पुष्कळदां प्लॅस्टिकच्या डबीवर पुठ्ठ्याचें एक सैल कवच असतें. तें हरवलें कीं आपली प्रत अपुरी झाली असें मानणारेहि संग्राहक तेथें आहेत.

प्लॅस्टिकचा पक्ष एक अनुभव पुढें करतो. १९९७ सालीं अमेरिकेंत डी. व्ही. डी. विक्रीस आली, तेव्हां वॉर्नर कंपनीनें आपले पुष्कळ चित्रपट पुठ्ठ्याच्या वेष्टनांत काढले. तें मिटण्यासाठीं कडेला प्लॅस्टिकची एक पट्टी होती. त्याचे कोपरे झिजत, म्हणून संग्राहक कुरकुरूं लागले, आणि पुढें कंपनीनें तें सोडून सबंध प्लॅस्टिकची डबी पत्करली. याच्या उलट, नेटफ्लिक्स कंपनीनें १९९८ पासून २०२३ पर्यंत टपालानें घरोघर तबकड्या पाठविल्या, त्या डबीवांचून, केवळ लखोट्यांतून. म्हणजे प्रवासापुरता लखोटा पुरतो. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षें ठेवण्याचा.

दोन्ही पक्षांचा निवाडा करण्यापूर्वीं तबकडीची रचना समजून घेतली पाहिजे. तिचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर. सी. डी. आणि व्ही. सी. डी. यांत माहितीचा चकाकणारा थर नांव छापलेल्या बाजूस, अगदीं पातळ लेपाखालीं असतो. म्हणून जिला आपण पाठ समजून बेफिकीर राहतों, तीच बाजू अधिक नाजूक. डी. व्ही. डी.मध्यें हा थर ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्यांच्या मधोमध झांकलेला असतो. दुसरा भेद याहूनहि महत्त्वाचा आहे. विकत घेतलेल्या चित्रपटाच्या तबकडीवर सूक्ष्म खांचा साच्यानें उमटविलेल्या असतात. लग्नाच्या किंवा संमेलनाच्या तबकडीवर मात्र लेसर किरणानें बहुधा एका रंगद्रव्यावर नोंद केलेली असते, आणि रंग म्हटला कीं तो उजेडानें व उष्णतेनें विटावयाचाच. तेव्हां जिची दुसरी प्रत बाजारांत मिळणार नाहीं, तीच तबकडी अधिक अल्पायुषी.

आतां आपल्या वऱ्हाडाचें हवामान घ्या. वैशाखांत अकोल्यास पारा कित्येक वर्षीं ४५ अंशांच्या वर जातो, आणि आषाढ-श्रावणांत कपाटांतील कपड्यांसहि ओल जाणवते. पुठ्ठा ओल शोषतो. कसर व वाळवी यांस तर ती मेजवानीच. शिवाय घट्ट पाकिटांतून तबकडी ओढतांना आंत शिरलेली धूळ प्रत्येक वेळीं तिच्यावर ओरखडा काढते. परंतु पुठ्ठ्यांतून उजेड जात नाहीं, हा त्याचा गुण आहे. प्लॅस्टिकच्या चांगल्या डबींत तबकडी मधल्या खुंटीवर तोलून बसते, तिच्या नोंदीच्या भागास कांहींच घांसत नाहीं, व डबी ओलहि शोषीत नाहीं. मात्र पारदर्शक डबी उजेड अडवीत नाहीं, खुंटीचे दांत तुटतात, आणि मऊ पी. व्ही. सी.च्या पिशव्या उन्हाळ्यांत तबकडीस चिकटून बसतात. सारांश, सगळें प्लॅस्टिक सारखें नव्हे.

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. २००९ सालीं अकोल्यास आमच्या धाकट्या बहिणीचें लग्न झालें. चित्रणाच्या दोन तबकड्या मिळाल्या. एक मखमल लावलेल्या शोभिवंत पुठ्ठ्याच्या पेटींत होती. तबकडी अडकविण्यास तिच्या मध्यभागीं स्पंजाची गुंडी चिकटविलेली होती. ती पेटी आम्हीं मोठ्या कौतुकानें लोखंडी कपाटांत, पश्चिमेच्या भिंतीशीं ठेवली. दुसरी तबकडी साध्या काळ्या डबींत होती. ती बहीण आपल्याबरोबर अमरावतीस घेऊन गेली. २०१६ सालीं आमचे वडील वारले. त्यानंतर सात वर्षांनीं त्यांचा आवाज ऐकावा असें आईच्या मनांत आलें, म्हणून आम्हीं पेटी उघडली. वरची मखमल जशीच्या तशी होती. आंत स्पंज विरघळून तबकडीस चिकटला होता, आणि यंत्र ती वाचीना. आई कांहीं बोलली नाहीं. पेटी मिटून तिनें ती मांडीवर घेतली. त्याच आठवड्यांत बहिणीनें अमरावतीहून काळी डबी आणली. ती तबकडी चालली. पंगतीच्या वेळीं वडील पाहुण्यांस सांगत होते, "उन्हाचं कोणी निघू नका बाप्पा, जेवून घ्या अन् थंड झाल्यावर जा." एवढें एक वाक्य आईनें तीन वेळां ऐकलें.

या एका अनुभवावरून पुठ्ठा वाईट असा निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं. दोष स्पंजाचा होता, तापणाऱ्या भिंतीचा होता, आणि ती जागा निवडणाऱ्या आमचाहि होता. आम्हीं वेष्टनाची पारख त्याच्या शोभेवरून केली; आंतील वस्तूस त्यापासून काय सुख आहे, हें पाहिलें नाहीं.

यावरून कांहीं नियम ठरवितां येतील. तबकडीस मधली खुंटी शाबूत असलेली, अपारदर्शक व टणक डबी द्यावी. पुठ्ठ्याचें वेष्टन मात्र फेंकूं नये. चित्रपटाचें साल, नटांचीं नांवें, लग्नाची तारीख त्यावरच छापलेली असते. तें डबीजवळच कोरड्या जागीं ठेवावें. डब्या पुस्तकांप्रमाणें उभ्या लावाव्या. कपाट उन्हाच्या भिंतीपासून दूर असावें. तबकडीवर बॉलपेननें लिहूं नये, कागद चिकटवूं नये. पुसतांना मऊ सुती कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावें, गोल गोल पुसूं नये. कारण नोंद गोलाकार मार्गानें केलेली असते, आणि त्याच दिशेनें पडलेला ओरखडा वाचनास अधिक बाधतो. शेवटचा नियम सर्वांत मोठा: जी तबकडी पुन्हां मिळणार नाहीं, ती संगणकावर उतरवून तिच्या प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्या. आमच्या वडिलांचें वाक्य वांचलें तें काळ्या डबीमुळें तर खरेंच, पण प्रत दुसऱ्या गांवीं होती यामुळेंहि.

पालकांस एक विनंति. तबकडी वाचणारें यंत्र नव्या संगणकांत बहुधा नसतें. ओळखीच्या कोणाकडे जुनें यंत्र चालू आहे, तोंवरच हें काम उरकावें. आणि मुलांनो, येत्या सुटींत तुम्ही घरांतील तबकड्यांची यादी करा. कोणती कशाची, कोणत्या सालची, कोणत्या वेष्टनांत, हें नीट लिहा. गठ्ठा भंगारवाल्यास देण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांस एकदां विचारा कीं, यांपैकीं कोणत्या तबकडींत कोणाचा आवाज आहे.