खांदा आखडला, हाडे झिजली: फडावरून परतलेल्या बायांसाठी

दिवाळीच्या सुमारास केज तालुक्यातून गेलेले कोयते उन्हाळ्यात गावी परततात, आणि खांदा धरून बाया आमच्याकडे येऊ लागतात. महिनोन् महिने ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीत चढवायची. खांदा दुखणारच. पण सगळी दुखणी एक नसतात.

स्वतः हात वर करताना कळ येते, दुसऱ्याने उचलला तर मात्र तो वर जातो, अशा वेळी बहुधा खांद्याच्या स्नायूची शीर सुजलेली किंवा फाटलेली असते. दुसऱ्याने उचलूनही हात जात नाही, वेणी घालता येत नाही, तर खांदा आखडला समजा. हे चाळिशी-साठीत आणि साखरेच्या आजारात जास्त होते, म्हणून आधी रक्तातली साखर तपासा. आखडलेला खांदा बहुतेक वेळा सुटतो, पण वर्ष-दोन वर्षे घेतो. हात गळ्यात बांधून ठेवू नका. शेक घ्या, वाकून हात सैल सोडून झुलवा, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढा. सोसेल तेवढेच, पण रोज. डॉक्टर सांध्यात इंजेक्शनही देतात. त्याने काही दिवस साखर वाढते, तेव्हा साखर असल्यास आधी सांगा. दुकानातल्या दुखीच्या गोळ्या महिनोन् महिने खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडते.

आता जी गोष्ट कुणी विचारत नाही ती. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळी आली की खाडा, खाड्याला दंड; त्यात कॅन्सरची भीती घातली जाई. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये गेली, तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते आणि हाडे झपाट्याने झिजू लागतात. झीज दुखत नाही. साधे पडून मनगट मोडते, तेव्हा कळते.

म्हणून ऑपरेशनचा कागद शोधा आणि अंडाशये काढली का, हे वाचून घ्या. कागद दिला नसेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे. तो घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात स्त्रीरोग आणि अस्थिरोग, दोन्ही विभागांत दाखवा. हाडांची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, संप्रेरकाच्या गोळ्या, काय लागेल ते डॉक्टर ठरवतील. घरी तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला खा. मिश्री सोडा, तंबाखू हाडेही झिजवते. (हे ऐकून बाया हसतात, पण आम्ही सांगत राहतो.)

पुढची उचल घेण्याआधी हे करून घ्या. एकदा फडावर गेलात की दवाखान्याचा दिवसही खाड्यात धरला जातो.