गोमांसाची चव कशी घडते

गोमांसाच्या चवीचे श्रेय बहुधा आचाऱ्याला दिले जाते. परंतु तिची जडणघडण चुलीपासून फार दूर, कुरणात सुरू होते. अर्जेंटिनातील पंपास हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा प्रदेश होय. या सुपीक गवताळ मैदानातील हिवाळा सौम्य असल्याने गुरे बाराही महिने उघड्यावर चरू शकतात. एकोणिसाव्या शतकात येथे शॉर्टहॉर्न, हेरफर्ड व ॲबर्डीन अँगस या ब्रिटिश जाती आणण्यात आल्या. तोवर दूरदेशी पाठवावयाचे मांस खारवून वाळवावे लागे. १८७६ मध्ये शीतयंत्रे बसविलेले ‘फ्रिगोरिफिक’ हे फ्रेंच जहाज मांस घेऊन ब्युनॉस आयर्सला पोहोचले आणि थंड केलेल्या मांसाच्या सागरी व्यापाराची शक्यता दिसून आली.

मांस भाजताना त्यातील शर्करा आणि ॲमिनो आम्ले यांच्यात रासायनिक क्रिया होऊन खमंग वास येतो. हा वास सर्वच प्राण्यांच्या मांसात थोडाफार सारखा असतो. विशिष्ट प्राण्याची ओळख पटविणारी चव मुख्यतः चरबीत असते आणि चरबीवर चाऱ्याचा ठसा उमटतो. हिरव्या गवतातील कॅरोटीनमुळे चरबीला पिवळसर छटा येते; तिच्यात लिनोलेनिक आम्ल अधिक असते आणि चव उग्र लागते. मका खाऊन पुष्ट झालेल्या जनावराची चरबी पांढरी असते. ती स्नायूंमध्ये बारीक रेषांसारखी पसरते, त्यामुळे मांस रसाळ व सौम्य लागते. यांपैकी श्रेष्ठ कोणते, हे बरेचसे खाणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असते.

जनावराचे वय वाढते तशी चव गडद होते, पण मांस चिवटही होते. अखेरचे काही तासही तितकेच महत्त्वाचे असतात. विसावलेल्या जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा असतो. कत्तलीनंतर त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि मांसाचा पीएच सुमारे ७ वरून ५.५ पर्यंत उतरतो. उपाशी ठेवलेल्या, दूरवर हाकललेल्या किंवा भेदरलेल्या जनावरात हा साठा आधीच संपतो. मग पीएच पुरेसा उतरत नाही. मांस काळपट व चिकट होते आणि लवकर नासते. जनावराला शांतपणे हाताळणे ही केवळ दयेची बाब नव्हे, ती धंद्याची गरजही आहे. त्यानंतर मांस शीतगृहात दोन-तीन आठवडे मुरविल्यास त्यातीलच विकरे तंतू सैल करतात. मांस मऊ होते आणि चव खुलते.

पंपासमध्ये १९९० नंतर सोयाबीनने कुरणांची पुष्कळ जमीन व्यापली. अनेक गुरे आता अखेरचे महिने बंदिस्त आवारात धान्य खाऊन काढतात. जात तीच, मुलूखही तोच; तरी गवतावर पोसलेल्या मांसाची जुनी चव त्यात उतरत नाही. कुरण गेले की त्याने घडविलेली चवही जाते.