काचमण्यांचा गृहोद्योग : ज्योतीचे दोष आणि त्यांचे निवारण

मंगळसूत्रातील काळी पोत आणि तान्ह्या बाळाच्या मनगट्या यांमुळे काचमणी महाराष्ट्राच्या घराघरांत परिचित आहे. नेवासे, तेर, पैठण व कोल्हापूर येथील उत्खननांत काचेचे प्राचीन मणी सापडले आहेत. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी भारतीय काचेच्या इतिहासावर लिहिलेला ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. त्यावरून या परंपरेच्या व्याप्तीची कल्पना येते. आज मणीनिर्मितीची मोठी केंद्रे वाराणसी आणि उत्तर प्रदेशातीलच पुरदिलनगर ही आहेत. तथापि गॅसच्या ज्योतीवर एकेक मणी घडविण्याची कला आता घरातही शिकली जाऊ लागली आहे. अशा नवशिक्या कारागिरांच्या तक्रारी बहुधा एकाच वस्तूभोवती फिरतात. ती वस्तू म्हणजे टॉर्च. (येथे टॉर्च म्हणजे विजेरी नव्हे, तर जोराची ज्योत देणारा हातबर्नर होय.)

कृती तशी साधी आहे. पोलादी सळईवर चिनी माती व ॲल्युमिना यांचा लेप देऊन तो वाळवावयाचा, ज्योतीत काचेची कांडी मऊ करावयाची आणि ती काच फिरत्या सळईवर गुंडाळावयाची. थंड झाल्यावर लेपामुळे मणी सळईवरून निघून येतो. साधी सोडा-चुन्याची काच सुमारे ७०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. हवेवर जळणाऱ्या प्रोपेनच्या ज्योतीचे सैद्धांतिक तापमान १,९०० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे उष्णता पुरेशी असते, परंतु ती काचेत उतरण्यास वेळ लागतो. ऑक्सिजनची जोड नसलेल्या टॉर्चवर प्रयोगशाळेतील नळ्यांची बोरोसिलिकेट काच घेऊन बसल्यास निराशाच पदरी येईल. तो दोष टॉर्चचा नव्हे, निवडीचा होय.

गॅस कोणता?

परदेशी पुस्तकांतील सूचना निव्वळ प्रोपेनसाठी असतात. आपल्याकडील सिलिंडरमध्ये मात्र प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, तर ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. २० अंश तापमानाला प्रोपेनचा बाष्पदाब ब्यूटेनच्या सुमारे चौपट असतो. त्यामुळे सिलिंडर भरलेला असताना प्रोपेन अधिक प्रमाणात निघून जातो आणि तळाशी ब्यूटेनचा अंश वाढत जातो. सिलिंडर संपत आल्यावर ज्योत मंदावते, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण रोजच्या अनुभवातले आहे. अर्धा तास काम झाले की ज्योत आखडू लागते, आणि सिलिंडरला हात लावावा तर तो गार लागतो व त्यावर दव जमलेले दिसते. द्रवरूप गॅसचे बाष्प होताना तो सिलिंडरची उष्णता शोषून घेतो, म्हणून आतील दाब उतरतो. डबा जितका लहान, तितका हा त्रास लवकर होतो. अशा वेळी सिलिंडरला शेगडीची आच देणे किंवा उकळते पाणी ओतणे हे अत्यंत धोक्याचे आहे. काम थांबवावे आणि सिलिंडर आपोआप पूर्ववत होऊ द्यावा. रोज काम करणाऱ्याने मुळातच मोठा सिलिंडर घ्यावा. लहान डबा टॉर्चला थेट जोडून तिरका धरल्यास द्रव गॅस जेटपर्यंत पोहोचतो आणि ज्योत पिवळी होऊन भडकते. डबा सदैव उभा ठेवावा.

स्वयंपाकघरातील रेग्युलेटर शेगडीसाठी असतो. त्याचा कमी दाब या टॉर्चला पुरत नाही. म्हणून काही जण रेग्युलेटर काढून टाकून नळी जोडण्याचा उद्योग करतात. असे कदापि करू नये. टॉर्चसाठी दाब कमीजास्त करता येणारा उच्चदाबाचा रेग्युलेटर आणि प्रमाणित नळीच वापरावी. शिवाय विक्रीसाठी मणी करावयाचे असतील, तर १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरणे नियमबाह्य आहे. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक किंवा खुल्या विक्रीचा ५ किलोचा सिलिंडर मिळतो.

ज्योत काय सांगते?

निरोगी ज्योत निळी असते. तिच्या आत अधिक गडद, टोकदार असा छोटा शंकू दिसतो, आणि सर्वांत जास्त उष्णता या शंकूच्या टोकाच्या किंचित पुढे असते. नवशिका मात्र ‘आत जास्त ताप असेल’ अशा समजुतीने कांडी शंकूतच खुपसतो. तेथे गॅस अर्धवट जळलेला असतो. परिणामी काचेवर काजळी धरते. तांब्याच्या संयुगाने रंगविलेली फिरोजी काच तेथे तांबूस-तपकिरी होते आणि हस्तिदंती रंगावर करडी झाक येते. रसायनशास्त्रात यास क्षपण म्हणतात, म्हणजे ऑक्सिजन हिरावला जाणे. कांडी चार बोटे पुढे सरकविली की बहुतेक वेळा रंग स्वच्छ राहतो. कारागीर टॉर्च बदलतो आणि दोष हाताच्या जागेत असतो, हे वारंवार आढळते.

काच बाजूला धरूनही ज्योत पिवळी व लोळणारी राहिली, तर हवेची छिद्रे तपासावीत. काही आठवडे पडून असलेल्या टॉर्चच्या नळीत कोळी जाळे विणतो, आणि वाळलेल्या लेपाची धूळही तेथे साचते. टॉर्च पूर्ण थंड करून, गॅसपासून सोडवून मऊ ब्रशने ती स्वच्छ करावी. जेटच्या भोकात सुई किंवा तार घालू नये. पितळ नरम असते. भोक केसभर जरी रुंदावले तरी गॅस व हवा यांचे प्रमाण कायमचे बिघडते. जेट बदलणे हाच खरा उपाय होय.

ज्योत तोंडापासून सुटून पुढे तरंगत असेल तर दाब फार झाला असे समजावे. उलट ‘फट्’ असा आवाज होऊन ती आत शिरली व नळीतून घरघर ऐकू येऊ लागली, तर दाब अपुरा आहे किंवा जेट अंशतः तुंबले आहे. त्या क्षणी गॅस बंद करावा. आत जळणारी ज्योत टॉर्चचे तोंड लाल होईपर्यंत तापविते.

तडकलेल्या मण्याचे खापरही ज्योतीवर फोडले जाते, ते बहुधा अन्यायाचे असते. मणी सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून संथपणे निवविला नाही, तर त्यातील ताण आठवड्यानंतरही उफाळून येतो. बांगडीचा तुकडा आणि बाटलीची काच एकाच मण्यात मिसळली तरी तेच घडते. त्यांचे आकुंचन सारखे नसते.

खिडकी बंद करू नका

ज्योत फडफडते म्हणून खोलीची दारे-खिडक्या बंद करून काम करणे ही या उद्योगातील सर्वांत घातक सवय आहे. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे उन्हाळ्याची किंवा उपाशीपोटाची मानून स्त्रिया काम चालूच ठेवतात. ज्योतीच्या तीन बाजूंना पत्र्याचा आडोसा करावा, पण खिडकी उघडीच ठेवावी. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साठतो. केवळ वरची झडप उघडी असून भागत नाही. जोडांची तपासणी साबणाच्या फेसाने करावी, काडी पेटवून नव्हे. गळती थांबत नसेल, तर सिलिंडरची झडप बंद करून, विजेचे बटण न दाबता सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

तापलेल्या काचेतून सोडियमचा पिवळा झगझगाट निघतो. त्यामुळे मणी नीट दिसत नाही आणि डोळे शिणतात. तो गाळणारे डिडिमियम काचेचे चष्मे मिळतात. साधा गॉगल हे काम करीत नाही. पदर खोचावा, केस बांधावेत, कपडे सुती असावेत.

काम संपताना प्रथम सिलिंडरची झडप बंद करावी, नळीतील उरलेला गॅस जळून ज्योत विझू द्यावी आणि मगच टॉर्चची झडप फिरवावी.