चालत जाता येईल एवढा प्रश्न

आठवी-नववीच्या मुलांच्या वर्षभर चालणाऱ्या प्रकल्पांना मी मार्गदर्शक म्हणून सोबत करते. त्यातले बरेचसे पुण्याच्या बुधवार पेठेतच घडले. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून मुलांना आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायला सांगते आहे, आणि पेठेत प्रश्नांना काय तोटा! त्या प्रश्नांमागे वर्षभर फिरताना जे उमगलं ते असं.

१. विषय आणला तर परत पाठवा.
जूनमध्ये दोन मुलं ‘ध्वनिप्रदूषण’ घेऊन आली. असल्या विषयांवर अप्पा बळवंत चौकात छापील माहिती आयती मिळते, आणि मग प्रकल्प म्हणजे उतरवून काढणं होऊन बसतं. मी एवढंच विचारलं, “कुठे उभं राहून मोजणार?” याचं उत्तर शोधण्यात त्यांचे बरेच दिवस गेले. शेवटी ठरलं ते असं: दगडूशेठ गणपतीसमोरच्या रस्त्यावर मंगळवारच्या गर्दीत आणि एरवीच्या गुरुवारी, त्याच वेळेला, आवाजात किती फरक पडतो? शाळा सुटल्यावर चालत जाऊन उत्तर आणता येईल असा प्रश्न. ‘पुण्यातील ध्वनिप्रदूषण व उपाय’ घेतलं असतं तर दिवाळीपर्यंत दोघंही गळाले असते.

२. मार्गदर्शक प्राध्यापकच हवा असं काही नाही.
मुलांनी दोन फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं, दोन्ही फोन एकाच कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले, आणि आकडे जुळेनात. कुणाचा फोन खरा यावर भांडण जुंपलं. मी मध्ये पडले नाही. दोघं तपकीर गल्लीत गेले. तिथे तारा, बझर, सेन्सर, सर्किटचे सुटे भाग यांची दुकानं दाटीवाटीने आहेत. एका दुकानदार काकांनी कपाटातून आवाज मोजायचा मीटर काढला, दोन्ही फोनांच्या मधोमध ठेवला आणि काउंटरवर टिचक्या मारून दाखवल्या. फोनचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठा आवाज तो दाबून टाकतो, हे त्यांनी दहा मिनिटांत समजावलं. मग ‘दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा या’ म्हणाले. पोरांनी तिथेच बसून तक्ता केला: मीटरचा आकडा, पहिल्या फोनचा, दुसऱ्या फोनचा, आणि किती मिळवायचे. व्यापारी भागात दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल आणि रात्रीची ५५, हे नियमातले आकडे त्यानंतर त्यांना कळायला लागले. आधी ते नुसते पाठ होते.

३. ‘पाहिलं’, ‘वाचलं’, ‘ऐकलं’ असे तीन रकाने पहिल्या दिवसापासून.
ही युक्ती एका मुलीने स्वतःच काढली. तिचा प्रकल्प होता फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद. सत्यशोधक चळवळीतले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लेकीच्या, काशीच्या स्मरणार्थ तो बांधला आणि सगळ्या जातींना खुला ठेवला. मुलीला शिकवतात या रागातून काशीला काचा घालून खाऊ दिला, ही गोष्ट पेठेत ज्याला त्याला पाठ. मुलीने ती सरळ ‘ऐकलं’मध्ये टाकली, पुढे सांगणाऱ्याचं वय लिहिलं आणि पुणे नगर वाचन मंदिराची पायरी चढली. १८४८ सालची ही संस्था, तीही बुधवारातच. तिथल्या एका वाचकाने तिला जुनी चरित्रं कशी चाळायची, तळटीप कशी वाचायची हे शिकवलं. दुसरा मार्गदर्शक असा भेटला.

त्याच १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. तो वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. त्यामुळे आता ‘पाहिलं’ या रकान्यात त्याच्याबद्दल काही लिहिता येत नाही. तेव्हापासून माझ्या मुलांना मी प्रत्येक फोटोमागे तारीख आणि कुठे उभं राहून काढला ते लिहायला लावते.

४. दिवाळीनंतर मरगळ येणारच.
सहामाहीचे पेपर हातात आलेले असतात, क्लास वाढतात, आई विचारते, “याचे मार्क किती धरणार?” खरं सांगावं: बहुधा शून्य. या काळात नवं काम देऊ नये. पंधरा दिवसांत एक पान, बस्स.

५. तक्त्याला हात लावू नये.
आईबाबांनी नाही, शिक्षकांनी नाही, आपणही नाही. थर्माकोलचा देखणा शनिवारवाडा कुणी केलाय हे परीक्षकांना लांबूनच कळतं. मुलांना तर आधीपासूनच ठाऊक असतं.

६. ‘अजून माहीत नाही’ म्हणायची तालीम करून घ्यावी.
परीक्षक हमखास विचारतात, “मग उपाय काय?” चौदा वर्षांच्या पोराने शिवाजी रस्त्याची वाहतूक सोडवावी, ही अपेक्षा जरा जास्तच! आवाज मोजणाऱ्या आमच्या दोघांनी सांगितलं, की उपाय माहीत नाही. पण पावसाळ्यातल्या नोंदी राहिल्यात आणि हॉर्नचा हिशेब वेगळा काढायचाय. बक्षीस एका रोबोला गेलं. आता दोघंही दहावीत आहेत, म्हणून पावसाळ्याच्या नोंदी आठवीतली दोन मुलं घेताहेत. फोनचा तो तक्ता मात्र त्यांना नव्याने करावा लागला, कारण फोन वेगळे.