विसाव्याचा दिवस व जुना सोबती

वाचण्याचे उतारे : निर्गम २३:१२, मार्क ६:३०–३४, लूक ५:२७–३२, १ करिंथ १०:२७–२९.



शहापूर व मुरबाड यांच्यामधील किन्हवलीच्या मुलखात श्रमाला तोटा नाही. राब भाजण्यापासून भात झोडून घरात येईपर्यंत शेतकऱ्याची पाठ सरळ होत नाही. ज्यांचे शेत थोडे ते वीटभट्टीवर राबतात, अथवा आसनगावाहून लोकल धरून कल्याण-भिवंडीकडे कामास जातात. अशा श्रमी मनुष्यास एखादा मोकळा दिवस लाभला, तर त्याने तो कसा व कोणाच्या संगतीत घालवावा? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्यात आपल्या विश्वासाची परीक्षा आहे.

१. विसावा ही देवाची देणगी होय. कित्येक भाविकांस वाटते की, स्वस्थ बसणे म्हणजे आळस. पण मार्काच्या सहाव्या अध्यायात काय दिसते? प्रेषित सेवा करून परतले होते. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीमुळे त्यांस जेवण्यासही सवड मिळेना. तेव्हा प्रभूने त्यांस आणखी काम सांगितले नाही. एकांती जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले. पुढे लोकसमुदाय तेथेही आला, आणि प्रभूने त्यांचा कळवळा येऊन त्यांस शिकवले. यावरून विसावाही उचित, आणि गरजवंतासाठी तो सोडणेही उचित, हे समजते. निर्गमात तर बैल व गाढव, दासीचा पुत्र व परका, या सर्वांस विसावा मिळावा अशी देवाची आज्ञा आहे. तेव्हा ज्या घरी पुरुष सुटीच्या दिवशी ओट्यावर बसतो आणि त्याची पत्नी पाणी, सरपण व चूल यांतच दिवस काढते, तेथे ही आज्ञा अर्धीच पाळली जाते.

२. साधे सुख हे खरे सुख. विसाव्यास पैसा लागत नाही. वैशाखातील करवंदे, पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे वलगणीचे मासे, लावणी उरकल्यावर हिरवेगार दिसणारे खाचर, सायंकाळी माहुलीच्या सुळक्यांमागे मावळणारा सूर्य, ही सर्व त्याच्याच हातची दाने आहेत. उठलेल्या प्रभूनेही तिबिर्याच्या समुद्रकाठी निखाऱ्यांवर मासळी व भाकर सिद्ध करून थकलेल्या शिष्यांस न्याहारीस बोलावले. मग आपण ओढ्याकाठच्या न्याहारीस हलके का लेखावे?

३. जुना सोबती टाकू नये. आता मुख्य गोष्ट. समजा, एका तरुणाने बाप्तिस्मा घेतला. लहानपणी ज्या सोबत्याबरोबर त्याने गुरे राखली, एकाच फडक्यातील भाकर खाल्ली, त्याच्या ओट्यावर तो आता जात नाही. कधी समोरच्या घरानेच दार लावलेले असते. ते दुःख खरे आहे, आणि त्यास धीरानेच सोसावे लागते. परंतु कधी दार उघडे असूनही आपणच जात नाही. जुनी संगत म्हणजे जुना मार्ग, असे आपण मनाशी धरतो.

लेवीने काय केले ते पाहा. जकातनाका सोडून तो प्रभूच्या मागे निघाला. त्यानंतर त्याने आपल्या घरी मोठी मेजवानी केली, आणि पंक्तीस आपले जुने सोबती जकातदारच बसविले. परूशी कुरकुरले, प्रभू मात्र त्याच पंक्तीस बसला होता. लेवीने धंदा सोडला, माणसे सोडली नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पत्नी लक्ष्मीबाई यांची व त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. धर्मांतराने माणसे कशी दुरावतात हे त्या घराला कोणी सांगावयास नको होते. तरी त्याच घराने आपले दार उघडे ठेविले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्यांस १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ हे नाव मिळाले, ते हिंदू तरुण कवी अहमदनगरास टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत त्यांच्याविषयी मोठ्या ममतेने लिहिले आहे. कवितेची व फुलापाखरांची आवड हे त्या स्नेहाचे सूत्र होते, आणि तेवढे पुरेसे होते.

४. दोन सावधगिऱ्या. पहिली : मैत्री हा गळ नव्हे. सोबत्याजवळ केवळ त्याचे मन वळविण्यासाठी बसणे ही मैत्री नसून कपट आहे, आणि ते त्यास तत्काळ कळते. त्याने आपल्या आशेविषयी विचारल्यास नम्रतेने उत्तर द्यावे. न विचारल्यास त्याच्या भाताची, बैलाची, लेकरांची विचारपूस करावी. दुसरी : जेथे दारूची बाटली फिरते तेथून हात जोडून उठावे, मग रागावो कोणी. परंतु जेवणाचे आमंत्रण सरसकट नाकारू नये. पौल सांगतो की, अविश्वासी मनुष्याने बोलावले आणि जावेसे वाटले तर पुढे वाढलेले खावे. मात्र हा नैवेद्य आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी तो घेऊ नये. यात भांडणास जागा नाही.

तेव्हा येत्या रविवारी उपासना आटोपल्यावर मोबाईल खिशात ठेवावा, आणि ज्या ओट्यावर पुष्कळ दिवसांत पाय लागला नाही तेथे जाऊन बसावे. प्रथम बोलणे अडखळेल. पण ज्याने आपणांस मित्र म्हटले, तो प्रभू त्या ओट्यावरही आपणांबरोबर असेल.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न :
(१) आपल्या घरी विसाव्याच्या दिवशी कोणास विसावा मिळत नाही?
(२) लेवीने काय सोडले व काय राखले?
(३) आपला कोणता जुना सोबती आपली वाट पाहत आहे? त्याचे नाव मनात घेऊन प्रार्थना करा.